शिंगाची जागा

१९७२ साल. आसोच्या डोंगरावरचं जुनं गवत जाळून पंधरा दिवस झाले होते, काळ्या उतारांवर हिरवे कोंब दिसायला लागले होते, आणि मित्सुए आपल्या गोठ्यात दोन गुडघ्यांमध्ये वासराची मान धरून त्याच्या कपाळावरचे केस कात्रीनं कापत होती. वासरू लाल रंगाचं, सहा आठवड्यांचं. दोन्ही कानांच्या वर तळहाताएवढी जागा मोकळी झाली तशी तिनं केस फुंकून उडवले.

“बघा आता, डॉक्टर.”

नागामात्सु डॉक्टर खाली वाकले. चाळिशीचा माणूस, जाड चष्मा, गुरांचे डॉक्टर म्हणून या डोंगरात येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. वासराच्या श्वासाची वाफ चष्म्यावर बसली. त्यांनी तो पुसला, पुन्हा घातला, बोटांनी चाचपलं. बाजूच्या शेगडीत लोखंडी दांडा तापत होता. त्याच्या टोकाला अंगठा जेमतेम मावेल एवढी वाटी होती आणि ती लालबुंद झाली होती.

“इथं असावं,” डॉक्टर म्हणाले.

“असावं म्हणू नका हो,” दारातून तोकिए म्हणाली. तोकिए शेजारीण. डॉक्टर आत्ताच तिच्या गोठ्यातून इकडे आले होते आणि तिच्या पहिल्याच वासराला त्यांनी भलत्या जागी डाग दिला होता. “वासराचं कपाळ म्हणजे रताळं आहे का, ठिकठिकाणी भाजून बघायला?”

डॉक्टरांचे कान लाल झाले. त्यांनी पुन्हा चाचपायला सुरुवात केली. हिवाळ्याचे केस दाट होते, आणि कापले तरी खालची कातडी जाड. त्या वयात शिंगाचा कोंब कवटीला धरलेला नसतो. कातडीखाली वाटाण्यासारखा सरकतो, सापडला म्हणेपर्यंत निसटतो.

“कानाच्या वर दोन बोटं बघा,” कोणीतरी म्हणालं.

मित्सुएनं मान वळवली. गोठ्याच्या भिंतीला टेकून तिचा सासरा तोराझो उभा होता. तो कधी आला हे तिला कळलं नव्हतं. शिंगांची गोष्ट निघाल्यापासून म्हाताऱ्यानं या विषयावर तोंड उघडलं नव्हतं.

गोष्ट निघाली होती जानेवारीत, कुरणाच्या बैठकीत. डोंगरावरचं कुरण सात घरांचं सामाईक. वसंतात सगळ्यांची गायी-वासरं वर जायची, ती हिवाळा तोंडावर आला की खाली यायची. आदल्या वर्षी पाणवठ्यावर एका गायीनं दुसरीच्या पोटात शिंग घातलं आणि गाभ पडला. शिंग लागलेली ती गाय इचिहाराची, आणि कुरणाचा प्रमुखही इचिहाराच. त्यानं बैठकीत नियम मांडला: या वर्षापासून वासरांची शिंगं उगवण्याआधीच जाळायची. शरद ऋतूत ज्याच्या वासराला शिंग दिसेल, त्याच्या गुरांना पुढच्या वर्षी कुरण बंद. मित्सुएचा नवरा शिगेओ ओसाकाला बांधकामावर असायचा, म्हणून घराच्या वतीनं तीच गेली होती. सगळ्यांनी हात वर केले. तिनंही केला.

घरी येऊन तिनं सांगितलं तेव्हा म्हातारा फक्त “बरं” म्हणाला होता, आणि अंधाऱ्या पडवीतून चालत गोठ्यात गेला होता.

बारा वर्षांपूर्वी त्याची नजर गेली. पहिला हिवाळा तो भिंतीकडे तोंड करून बसून राहिला. जेवायला बोलावलं तर यायचा, जेवायचा, परत भिंतीकडे. मग एके दिवशी मित्सुएनं त्याचा हात धरून त्याला गोठ्यात नेलं आणि तो हात गायीच्या शिंगावर ठेवला. इतकंच. त्यानं ते शिंग बुंध्यापासून टोकापर्यंत चाचपलं. प्रत्येक वेताला शिंगावर एक वळं उमटतं, ती वळी त्यानं मोजली, आणि म्हणाला, “ही चौथ्या वेताला आजारी होती. वळं बारीक आहे.” त्या दिवसापासून तो उठून हिंडायला लागला. पुढे तर शरद ऋतूत गुरं खाली उतरायची तेव्हा सगळं गाव त्याची वाट बघायचं. त्या दिवसांत डोंगरावर धुकं इतकं दाट असतं की हातातली दोरी दिसत नाही. कानातले बिल्ले झुडपांत गळून पडलेले असायचे, सातही घरांची गुरं सारख्याच लाल रंगाची, आणि डोळे असलेली माणसं दुपारपर्यंत भांडत बसायची. म्हातारा फाटकाशी उभा राहायचा, येणाऱ्या शिंगावर हात ठेवायचा आणि घराचं नाव सांगायचा. तासाभरात काम उरकायचं.

आताच्या गायींना शिंगं होती. पण गायी म्हाताऱ्या होतात, विकल्या जातात. पाच-सहा वर्षांत फाटकातून सगळी बोडकी डोकी येणार होती. मित्सुएला हे बैठकीतच दिसलं होतं, आणि तरीही तिनं हात वर केला होता.

म्हातारा आता भिंत सोडून पुढे आला. गुडघ्यावर बसला. त्याचा हात वासराच्या कपाळावरून असा फिरला की वासरू ओरडायचं थांबलं. मग त्यानं अंगठ्याचं नख कातडीवर रोवलं.

“ह्या खुणेवर बरोब्बर ठेवा.”

डॉक्टरांनी दांडा उचलला. चर्र आवाज झाला, जळक्या केसांचा वास गोठाभर पसरला, वासरानं मित्सुएच्या मांडीला हिसका दिला आणि शेजारच्या गव्हाणीतून त्याची आई हंबरली. म्हातारा शांतपणे दहापर्यंत मोजत होता. दुसरी बाजूही तशीच झाली. मित्सुएनं डागांवर मलम लावलं. वासरू थरथरत उभं राहिलं आणि सरळ आईच्या कासेला जाऊन भिडलं.

“आजोबा,” डॉक्टर घाम पुसत म्हणाले, “बाकीच्या घरी येता का माझ्याबरोबर?”

“तुमची डॉक्टरकी मी करू?”

“डॉक्टरकी माझीच. बोट फक्त तुमचं.”

“आणि चहा माझा,” तोकिए म्हणाली. “माझी चार अजून राहिलीत, शिवाय ते चुकलेलं पहिलं. चला आधी तिकडे, नाहीतर हा माणूस माझ्या वासरांचे कान जाळेल.”

त्या आठवड्यात मित्सुएनं सासऱ्याचा हात धरून सातही घरं पालथी घातली. एकतीस वासरं. प्रत्येक घरी चहा, ताकाना नावाच्या मोहरीच्या पाल्याचं लोणचं, म्हाताऱ्याच्या बोटांचं कौतुक. मित्सुएच्या मात्र एक गोष्ट लक्षात यायला लागली आणि ती काही केल्या डोक्यातून जाईना.

म्हातारा आधी घराचं नाव विचारायचा. त्याला ते माहीत असायचं, तरी विचारायचा. एका बाजूला नख चटकन रोवायचा. दुसऱ्या बाजूला नख ठेवायचा, उचलायचा, आणि किंचित सरकवून पुन्हा ठेवायचा. तांदळाच्या दाण्याएवढं, फार तर दोन दाण्यांएवढं. तोकिएकडे उजव्या बाजूला. पलीकडच्या घरी डाव्या बाजूला. कुठे पुढे, कुठे मागे. इचिहाराकडे तर दोन्ही बाजूंना.

“बाबा, थकलात का?” परत येताना तिनं विचारलं.

“का?”

“तुमचं बोट आज दोनदा हललं.”

“म्हाताऱ्याचं बोट,” तो म्हणाला, “हलणारच.”

पण घरी भात वाढताना तिनं पाहिलं. त्यानं जेवायच्या काड्यांनी वाटीतला एकुलता एक वाटाणा पहिल्याच झटक्यात उचलला.

एप्रिल संपताना गुरं वर गेली. उन्हाळ्यात मित्सुए कुरणाच्या कुंपणाला मीठ ठेवायला जायची तेव्हा वासरं धावत यायची. ती उगीच त्यांची डोकी कुरवाळायची. ऑगस्टमध्ये तोकिएच्या एका वासराच्या उजव्या बाजूला तिच्या बोटांना काहीतरी लागलं. घेवड्याच्या दाण्याएवढं, टणक. तिनं दुसरं वासरू धरलं. त्यालाही उजवीकडेच. तिसऱ्याला धरायची तिची छाती झाली नाही. ती कुंपणाशी मिठाचा डबा हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली आणि मग झपझप खाली आली. घरी तिनं कोणालाच काही सांगितलं नाही. पण त्या रात्रीपासून तिला एकच हिशोब सुचत होता: नियमाप्रमाणे किती घरांना कुरण बंद होईल, आणि हे कोणाच्या बोटामुळं झालं ते गावाला किती वेळात कळेल.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गुरं उतरली. धुकं नेहमीसारखंच होतं. फाटकाच्या एका बाजूला तोराझो, दुसऱ्या बाजूला इचिहारा. शिंग आहे का हे इचिहारा स्वतः तपासणार होता. डॉक्टरांनाही त्यानं बोलावून घेतलं होतं.

आधी गायी गेल्या. मग पहिलं वासरू आलं. इचिहारानं त्याचं डोकं दाबलं आणि थांबला.

“हे काय?”

डॉक्टर पुढे आले. त्यांनीही दाबून पाहिलं.

“खुंट आहे,” ते म्हणाले. “डाग पूर्ण बसला नाही की असा खुंट येतो.”

“म्हणजे शिंगच.”

“शिंगाचा थोडा भाग.”

“कोणाचं वासरू आहे हे?” इचिहारानं धुक्यात विचारलं. बिल्ला नव्हता. तोकिए पुटपुटली, “माझं नसावं बाई.”

तोराझोनं हात पुढे केला. वासराच्या डोक्यावरून तो एकदाच फिरला.

“तोकिएचं.”

“हो का? मग आई कुठली ते सांगा, आजोबा,” तोकिए चिडून म्हणाली.

“ते वासरू आईला विचारून सांगेल. पण तुझं आहे.”

दुसरं आलं. त्यालाही खुंट, पण डावीकडे. तिसरं, चौथं. इचिहाराचा चेहरा धुक्यातही कडक होत गेलेला मित्सुएला दिसत होता. फाटकाजवळची माणसं कुजबुजायला लागली. नागामात्सु डॉक्टरांनी टोपी काढली आणि कमरेत वाकले.

“चूक माझी आहे. दांडा माझ्या हातात होता. पुढच्या वर्षी...”

“थांबा,” इचिहारा म्हणाला.

नवं वासरू त्याच्यासमोर होतं. त्यानं डोकं चाचपलं. दोन्ही बाजूंना, शिंगाच्या जागेच्या थोडं पुढे, दोन सारखे खुंट.

“हे कोणाचं?”

तोराझोनं हात ठेवला. यावेळी थोडा जास्त वेळ.

“तुझं, इचिहारा.”

कोणीतरी हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. इचिहारा वासराकडे बघत होता. मग त्यानं आधीची वासरं परत बोलावली आणि एकेकाचं डोकं पुन्हा दाबलं. तोकिएची सगळी उजवीकडे. पलीकडच्या घराची सगळी डावीकडे. बाकीच्यांची कुठे पुढे, कुठे मागे, पण एका घराची सगळी एकाच जागी. म्हातारा फाटकाच्या खांबाला हात टेकून उभा होता आणि त्याचा चेहरा नेहमीसारखाच कुठंच बघत नव्हता.

बऱ्याच वेळानं इचिहारानं एका खुंटावर आपली मांडी जोरात दाबून पाहिली. मग पॅन्ट झटकली.

“शिंग लागतं,” तो म्हणाला. “हे लागत नाही. चला, पुढे हाका.”

एकतीस वासरं तासाभरात आपापल्या घरच्या ओळीत लागली.

शेवटी मित्सुएनं आपली वासरं ओळखली, कारण म्हाताऱ्यानं ती न थांबवता तिच्याकडे सोडली होती. वाटेत तिनं त्यांच्या कपाळावरून हात फिरवला. डावीकडे काही नव्हतं. उजवीकडेही नव्हतं. दोन्ही बाजू गुळगुळीत, डॉक्टरांच्या पुस्तकात असतात तशा.

“बाबा,” ती म्हणाली.

“हं.”

तिनं त्याचा हात आपल्या कोपरात घट्ट घेतला आणि दोघं उतार उतरायला लागली.

तोराझो पुढे पाच वर्षं जगला आणि पाचही वर्षं वसंतात घरोघर फिरला. खुंटांचा विषय बैठकीत पुन्हा निघाला नाही. इचिहारा आणखी अकरा वर्षं प्रमुख राहिला. तोकिएनं गुरं सोडून मुळ्याची शेती धरली, नंतर ती मुलीकडे कुमामोतोला गेली आणि तिथून दर नव्या वर्षाला मित्सुएला फोन करून गावातल्या प्रत्येकाची टिंगल करायची. शिगेओ ओसाकाचं काम सोडून कायमचा घरी आला, पण वडिलांच्या वर्षश्राद्धानंतर. कुरण आता चारच घरांचं आहे आणि वासरांच्या दोन्ही कानांत दहा आकडे लिहिलेले पिवळे बिल्ले असतात.

नागामात्सु डॉक्टर निवृत्त होऊन समुद्राकाठच्या आपल्या गावी निघाले, तेव्हा निरोप घ्यायला मित्सुएकडे आले. त्यांच्या चष्म्याची भिंगं आणखी जाड झाली होती. घरातल्या देव्हाऱ्यात तोराझोच्या फोटोपुढे त्यांनी उदबत्ती लावली, बराच वेळ हात जोडून बसले, मग चहाचा पेला हातात घेतला.

“तोकिएबाईंच्या दुसऱ्याच वासराला मला कळलं होतं,” ते म्हणाले. “त्यांचं बोट जागेवर नव्हतं.”

मित्सुए किटली धरून थांबली.

“मग तुम्ही डाग तिथंच का दिलात?”

“जागा कुठली, हे मीच विचारलं होतं ना?” डॉक्टरांनी पेला फिरवला. “विचारल्यावर ऐकायला नको?”

मित्सुएनं त्यांचा पेला भरला. ते निघाले तेव्हा बाहेर धुकं उतरत होतं. ती छत्री घेऊन त्यांना बस थांब्यापर्यंत सोडायला गेली, आणि बस वळणाआड जाईपर्यंत तिथंच उभी राहिली.