जिन्याखालचं कपाट

दहिसरला नदीच्या अंगाला समता चाळ आहे. तळमजला, वर एक माळा आणि वर जायला एकच लाकडी जिना. या चाळीत संध्याकाळी बायका कुकर लावायला लागल्या की पुरुष आपापल्या गाडीतलं पेट्रोल काढायला बसतात. तुम्हांला हसू येईल. पण बोळात भरलेली गाडी उभी केली तर सकाळी टाकी कोरडी सापडते. गर्दुल्ले येतात, नळी उपसतात, पेट्रोल काढून पसार होतात. चौकीवर तक्रार करून झाली. तिथला हवालदार म्हणाला, "पेट्रोलवर नाव लिहिलं होतं का तुमचं?" तेव्हापासून चाळीनं आपला उपाय आपणच शोधला. टाकीत नळी घालायची, तोंडानं ओढायची, थुंकायचं, पेट्रोल थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत धरायचं आणि बाटली घरात न्यायची. सकाळी पुन्हा टाकीत. चोरावर मोर झाल्याचं समाधान वेगळंच!

आणि घर तरी केवढं? एक खोली, एक ओटा. बाटली कुणाच्या कॉटखाली, कुणाच्या पाण्याच्या पिंपाशेजारी, तर बहुतेकांची ओट्याखाली, गॅसच्या सिलिंडरला खेटून. पंपावर पाटी असते, बाटलीत पेट्रोल मिळणार नाही म्हणून. ती आपण सगळेच वाचतो आणि घरी येऊन तेच करतो.

वरच्या माळ्यावर शेवटच्या खोलीत भीमराज सर राहत. पालिकेच्या शाळेत त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं होतं. त्यांची बायको शकु दोन वर्षांपूर्वी अर्धांगाच्या झटक्यानं अंथरुणाला खिळली. डावी बाजू गेली, जिभेला मात्र काही झालं नव्हतं. तिला दवाखान्यात न्यायचं असलं की तळमजल्यावरचा आकाश वर येई आणि तिला उचलून जिना उतरे. आकाश घरोघर पार्सलं पोचवायचा. त्याची आई तो शाळेत असतानाच गेली, तेव्हापासून तो शकुच्याच हातचं जेवून मोठा झाला होता.

"जपून रे," शकु म्हणायची, "मला टाकलंस तर तुलाच उचलावी लागेन."

सरांच्या जिवाला एकच घोर होता. चाळीत कुठं आग लागली तर सगळे पळतील. शकु पळणार नाही. म्हणून ते दारोदार फिरत. "अरे, पेट्रोल पेटत नाही, त्याची वाफ पेटते. ती दिसत नाही. हवेपेक्षा जड असते, जमिनीवरून सरपटत जाते आणि विस्तव शोधते. प्लास्टिकची बाटली उन्हाळ्यात फुगते, बूच सैल होतं. घरात ठेवू नका रे!"

"सर, किती वर्षं ठेवतोय, काय झालं का?" सरांच्या शेजारच्या खोलीतला निलेश म्हणायचा. "काय नाय होत. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

"होईल तेव्हा सांगायला तू असशील का?"

"काय सर, सकाळी सकाळी अशुभ बोलता!"

सगळं पालथ्या घड्यावर पाणी. सर निराश होऊन वर येत आणि शकु विचारी, "झालं का मास्तर, आजचं प्रवचन?"

मग एप्रिलमध्ये जे व्हायचं ते झालं. निलेशनं सकाळी ओट्याखालची बाटली काढली. बूच नीट बसलेलं नव्हतं, थोडं पेट्रोल फरशीवर सांडलं. त्यानं ते पायपुसण्यानं पुसलं आणि तो खाली गेला. त्याची बायको सपना चहा ठेवायला आली आणि तिनं लायटर ओढला. भप्प! फरशीवरून ज्वाळा धावली. सपनाच्या किंकाळीनं अख्खी चाळ गोळा झाली. सासूनं अंगावर गोधडी टाकली म्हणून ती वाचली. दोन्ही पाय पोटऱ्यांपर्यंत भाजले.

दवाखान्यातून ती परत आली त्या संध्याकाळी चाळीच्या चौकात सगळे जमले. सपनाला खुर्चीवर बसवलं होतं. तिनं कुणाला उपदेश केला नाही. नुसती पट्ट्या बांधलेल्या पायांकडं बोट दाखवून म्हणाली, "हे बघा आणि काय ते ठरवा."

सर त्या दिवशी फार चांगलं बोलले. ठिणगीला विस्तवच लागतो असं नाही, विजेच्या बटणातही ठिणगी असते, हे त्यांनी समजावलं. शेवटी त्यांचा आवाज चढला. "एका टाकीभर पेट्रोलसाठी आपण आपल्या बायकापोरांच्या उशाला बॉम्ब घेऊन झोपतोय! हे शहाणपण आहे का?"

निलेश ढसाढसा रडला. आकाश उठला. "सर, तुमचं बरोबर. आजपासून समता चाळीत एकाही घरात बाटली राहणार नाही. माझी जबाबदारी! शकुकाकूंची शपथ!" टाळ्या पडल्या. चाळीचं मत असं एका संध्याकाळीत फिरलेलं सरांनी कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते घरोघर गेले. ओट्याखाली बाटली नाही, कॉटखाली नाही. लोक हात जोडून म्हणत होते, "सर, तुमच्यामुळं डोळे उघडले."

ते हवेत तरंगतच वर आले.

"सगळ्यांनी ऐकलं, शकु! एका घरात थेंब नाही."

"मग गेलं कुठं ते?" शकुनं विचारलं.

"घराबाहेर."

"घराबाहेर म्हणजे कुठं? पेट्रोल काय पेन्शनीत निघालं?"

"आकाशनं केली असेल काहीतरी व्यवस्था," सर म्हणाले. जिंकलेल्या माणसाला असले प्रश्न आवडत नाहीत.

व्यवस्था दोन दिवसांनी त्यांच्या नजरेस पडली. जिन्याखाली, जिथं चाळीचे विजेचे मीटर आहेत, तिथं आकाशनं भंगारवाल्याकडून एक लोखंडी कपाट आणून उभं केलं होतं. त्याला कुलूप. सगळ्यांच्या बाटल्या आत. आणि नुसत्या बाटल्याच नव्हेत. घरात होती तोवर प्रत्येकाची एक बाटली होती. आता हक्काची जागा झाली म्हटल्यावर लोकांनी खाण्याच्या तेलाचे पाच लिटरचे प्लास्टिकचे कॅन आणले होते. गाडीत पेट्रोल भरायचं, कॅनमध्ये काढायचं, पुन्हा भरायचं. भाव वाढले तर? संप झाला तर? असलेलं बरं!

सरांनी फटीतून आत डोकावून पाहिलं. त्यांनी आकाशला हाक मारली.

"आकाश, हे काय?"

"झकास आहे ना सर? लोखंडी आहे. चावी माझ्याकडं. चोराची पण वाट लागली!"

"अरे, वर मीटर आहेत. वर जायचा रस्ता हा एकच. त्याच्याखाली तू सगळ्या चाळीचं पेट्रोल आणून ठेवलंस?"

आकाशचा चेहरा उतरला. "सर, तुम्हीच म्हणालात ना घरात नको. काकूंच्या शेजारी निलेशची बाटली असायची, ती आधी खाली आणली मी. मग कुठं ठेवू सांगा."

"कुठंच नको. गाडीच्या टाकीत असू दे."

"आणि चोरीला गेलं तर? माझी गाडी सकाळी चालू झाली नाय तर त्या दिवसाचं काम गेलं ना सर."

वाचकहो, याच ठिकाणी सगळं अडलं. भीमराज सरांना वाफ ठाऊक होती, ठिणगी ठाऊक होती. पण गरीब माणसाची गाडी बोळात सुरक्षित कशी राहील, याचा विचार त्यांनी एकदाही केला नव्हता. आळीपाळीनं राखण करू, पहिला मी बसतो, असं ते म्हणू शकले असते. सुचलं नाही. शिवाय परवा ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांनाच आज पुन्हा चूक म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं. लोखंडाचं आहे, कुलूप आहे, असं त्यांनी स्वतःलाच समजावलं. जन्मभर विज्ञान शिकवलेला माणूस!

"रविवारी बैठक घेऊ," ते म्हणाले. "तोवर तरी नवीन कॅन आत घेऊ नकोस."

"हो सर," आकाश म्हणाला.

रविवार उजाडायच्या आधी शनिवार आला. मे महिन्याचं ऊन, दुपारची वेळ. शकुच्या गोळ्या संपल्या होत्या म्हणून सर स्टेशनजवळच्या औषधाच्या दुकानात गेले होते. चाळीत वीज गेली होती. जिन्याखालचं ते बंद कपाट तापलं होतं, कॅन फुगले होते आणि फटीतून वाफ बाहेर येऊन साचत होती. कुणाला दिसली नाही. दिसतच नाही ती. वीज परत आली तेव्हा पोरांनी "आली रे!" म्हणून ओरडा केला. तेवढ्यात मीटरपाशी ठिणगी पडली.

लाकडी जिना बघता बघता पेटला. वरच्या माळ्यावरच्या बायका पोरांना घेऊन गॅलरीत धावल्या. खालच्यांनी गाद्या ओढून आणल्या, पसरल्या, पोरांना झेलायला उभे राहिले. सपनानं आपल्या भाजल्या पायांनी शकुच्या दारापर्यंत जाऊन हाक मारली, "काकू, मला धरून उठता येईल का हो?"

"पोरांना आधी उतरवा गं," शकु म्हणाली. "मी कुठं पळतेय!"

आकाश जेवायला घरी आला होता. तो जिन्याकडं धावला, तीनदा धावला. तिसऱ्यांदा पायऱ्या त्याच्याखाली कोसळल्या आणि लोकांनी त्याला ओढून बाहेर काढलं. त्याचे केस जळाले होते. तो गॅलरीकडं तोंड करून ओरडत होता, "काकू! काकू, मी येतो! दार लावून घ्या!" दार लावायला उठायचं कुणी?

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं आपण म्हणतो. इथं बंब वेळेवर आला होता. पण बोळात दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या, त्यामुळं तो तोंडाशीच अडकला. जवानांनी गाड्या उचलून बाजूला टाकल्या, नळ्या ओढत आणल्या, शिडी लावली. सर गोळ्यांची पुडी हातात घेऊन तेव्हाच पोचले.  सगळे नुसते वर बघत होते.

शकुला खाली आणलं तेव्हा तिच्या अंगावर भाजल्याची खूणही नव्हती. धुरानं गेली होती. चाळीतली बाकी सगळी माणसं वाचली.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी शकुला श्रद्धांजली वाहायला बुद्धविहारात माणूस मावत नव्हतं. वंदना झाली. शकुच्या आठवणी सांगायला सर उठतील, असं सगळ्यांना वाटलं. त्याआधीच आकाश उठला आणि सरांच्या पायांशी बसला.

"सर, मला मारा. मी मारलं काकूंना."

सरांनी त्याच्या जळक्या केसांवरून हात फिरवला. 

"तू कपाट आणलंस," ते म्हणाले. "मी ते बघितलं आणि गप्प बसलो. तुला ठाऊक नव्हतं, मला ठाऊक होतं. बाबांनो, मी तुम्हांला नुसतं नको म्हणायला शिकवलं. घरात नको म्हणालो. कुठं, ते सांगितलं नाही. आणि तुम्ही धोका घरातून काढलात आणि सगळ्यांच्या दारात आणून ठेवलात. आगीतून फुफाट्यात! आज सांगतो, ऐका. पेट्रोलची जागा गाडीच्या टाकीत. बाटलीत नाही, कॅनमध्ये नाही, जिन्याखाली नाही, गच्चीवर नाही. चोरी होत असेल तर चोराचा बंदोबस्त करू. आजपासून राखणीला पहिला मी बसेन."

सगळ्यांचे डोळे भरून आले. निलेशनं हात वर केला, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनी. राखणीच्या पाळ्या तिथंच ठरल्या. बोळाच्या तोंडाशी खुर्ची टाकली, दिवा लावला. आणि वाचकहो, चोरी थांबली! खुर्चीवर एक माणूस बसला, एवढ्यावर थांबली. इतकं सोपं होतं ते. शकु असताना करता आलं असतं.

गोष्ट इथं संपती तर बरं होतं. पण पाऊस सुरू झाला आणि पाळ्या चुकायला लागल्या. कुणाला ताप, कुणाच्या घरी पाहुणे. गणपतीपर्यंत खुर्चीवर सर एकटेच बसायचे. मग त्यांना खोकला लागला आणि डॉक्टरांनी मना केलं. चोर परत आले. जिना आता लोखंडी झाला आहे, सर आकाशच्याच खोलीत राहतात, आणि परवा त्यांनी निलेशला शर्टाखाली काहीतरी लपवून वर जाताना पाहिलं. त्यांनी हाक मारली. निलेशनं मागं वळून पाहिलं नाही. ज्याच्या बायकोच्या पायांवर अजून डाग आहेत, तो हा निलेश. मग कुणाला काय सांगायचं?

बदलला तो एक आकाश. त्याची गाडी रात्रभर बोळात भरलेली उभी असते. आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी ती रिकामी करतं. मग तो सकाळी ती ढकलत चेकनाक्याच्या पंपापर्यंत नेतो, उशीर होतो, साहेबाच्या शिव्या खातो. पोरं हसतात. "काय रे आकाश, एक बाटली घरात ठेवली असतीस तर?" तो उत्तर देत नाही.

वाचकहो, उत्तर मी देतो. तुमच्याही ओट्याखाली, जिन्याखाली, गच्चीच्या टाकीमागं अशी एखादी बाटली असेल. आज उठा आणि ती घरातून काढा. पण काढून शेजाऱ्याच्या वाटेत ठेवू नका. बाहेर नेऊन गाडी बंद असताना, विस्तवापासून लांब, टाकीत ओता आणि बाटली पुन्हा भरू नका. चोरीला गेलेलं पेट्रोल सकाळी पंपावर परत मिळतं, गेलेलं माणूस मिळत नाही. आकाशला तेवढंच मिळतं, आणि तो ते घेऊन कामावर जातो.