नाल्यातली राणी

नलिनी शिर्के उदयनगरच्या पुढच्या एका खेड्यात मास्तरीण म्हणून रुजू झाली, ते १९७६ साल. देवासच्या जुन्या दरबारी घरातली पोर जंगलात निघाली म्हणून माहेरची माणसं हळहळली. नलिनी मात्र मनातून खूश होती. तिला कारणही तसंच होतं. देवासच्या मराठी वाचनालयातलं एक जाडजूड पुस्तक तिने तीनदा वाचून काढलं होतं. त्यात वनदेवता, यक्षिणी, झाडांत राहणारे जीव यांच्या अद्भुत कथा होत्या. मुखपृष्ठ आणि पुढची काही पानं गळालेली, त्यामुळे लेखक कोण ते कुणालाच ठाऊक नव्हतं. वाचनालय सांभाळणाऱ्या भवानीबाई म्हणाल्या, "घेऊन जा गं तूच. पोरं सगळी हिंदी शाळेत जातात. इथे मराठी वाचतंय कोण आता?"

तर पुस्तक ट्रंकेत घालून नलिनी खेड्यात आली आणि पहिल्याच आठवड्यात शेजारच्या जमुनाबाईंना तिने विचारलं, "यहाँ के पेड़ों में कौन रहता है?"

जमुनाबाई तेंदूच्या पानांच्या जुड्या बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चींटे, बहनजी. लाल वाले."

आणखी दोघातिघांना विचारून झालं. गावाचा देव होता, तो टेकडीवर शेंदूर लावून बसला होता आणि त्याच्याबद्दल कुणाला विशेष सांगायचं नव्हतं. नलिनी हिरमुसली. एवढं मोठं जंगल, आणि त्यात राहायला कुणी नाही! मग दर शनिवारी शेवटच्या तासाला ती पुस्तकातली एकेक गोष्ट हिंदीत करून पोरांना सांगू लागली.

पोरांना सगळ्यांत आवडली ती झऱ्याच्या राणीची गोष्ट. ही राणी एका कोळसे पाडणाऱ्याशी लग्न करते. अट एकच: उन्हाळ्यात मी कुठे जाते ते विचारायचं नाही. नवरा अर्थातच मागोमाग जातो, उंबराच्या मुळाशी ती झोपलेली दिसते, तो खणतो, आणि राणी शोकाने विरून जाते. तेव्हापासून झरा चारच महिने वाहतो. गावाचा नालाही कार्तिकात आटायचा. पोरं ऐकताना खिडकीतून नाल्याकडेच बघत बसली. जमुनाबाईंची नात तर घरी जाऊन गोष्ट दोनदा सांगून आली.

पाच वर्षं गेली. १९८१च्या हिवाळ्यात इंदूरहून प्राध्यापक अरविंद मोहिते आले, खांद्याला टेपरेकॉर्डर लटकवून. त्यांना आदिम लोककथा हव्या होत्या. स्थानिक बोली नीटशी समजत नव्हती, म्हणून त्यांनी नलिनीला दुभाषी म्हणून बसवलं.

"कुछ पुराना सुनाओ, माँजी. बहुत पुराना."

जमुनाबाईंनी पदर सावरला आणि सुरुवात केली, "हमारे इस नाले में एक रानी थी..."

नलिनीला ही राणी ओळखीची वाटली. गोष्ट कोळसेवाल्यापाशी पोचेपर्यंत शंकाच उरली नाही. आपणच मराठीतून हिंदीत नेलेली गोष्ट ती आता वाक्यावाक्याने परत मराठीत आणत होती. फक्त जमुनाबाईंची राणी शोकाने विरली नाही. खणणाऱ्या नवऱ्याला तिने झाडूने बदडलं आणि चालती झाली माहेरी. चार महिने येते ती नवऱ्यासाठी नव्हे, गुरांची दया येते म्हणून.

"अद्भुत!" मोहिते टेप बंद करत म्हणाले. "बाई, असली कथा पुस्तकात सापडायची नाही."

ते जेवायला गेल्यावर नलिनीने जमुनाबाईंना गाठलं. "अम्मा, ये तो मेरी किताब की कहानी है!"

"हाँ तो?" जमुनाबाई म्हणाल्या. "छोरी ने सुनाई तब अधूरी थी. औरत रोई और ख़तम! ऐसा कोई करता है क्या? मैंने पूरी करी."

नलिनीला रात्रीपर्यंतही धीर धरवेना. जेवण उरकताच तिने ट्रंक उघडली, पुस्तक मोहित्यांपुढे ठेवलं आणि सगळं खरं सांगून टाकलं. पोरं, शनिवार, नात, सगळं. मोहित्यांनी गोष्ट वाचली. चेहरा पडेल म्हणून नलिनी बघत राहिली, तर तो उजळला.

"म्हणजे हा जो कुणी अज्ञात लेखक आहे, तो इथे येऊन गेला होता!"

"अहो सर, उलट आहे ते. मीच..."

"तुम्हाला कल्पना नाही नलिनीताई, तुम्ही केवढा पुरावा दिलात!" पुस्तक त्यांनी अलगद पिशवीत घातलं. नलिनीने आणखी दोनदा समजावलं. त्यांनी दोन्ही वेळा तिच्या विनयाचं कौतुक केलं आणि संध्याकाळच्या बसने ते गेले.

पुढच्या वर्षी देवासला त्यांचं या कथेवर व्याख्यान झालं. नलिनी सुट्टीत घरी आली होती, ती तिसऱ्या रांगेत बसली. मोहिते छान बोलले. झाडूचा प्रसंग अलीकडची भर वाटतो, म्हणून आपण गाळला आहे, असं ते म्हणाले, तेव्हा मात्र तिला उठून भांडावंसं वाटलं. एवढं एकच तर त्या गोष्टीत गावाचं होतं. पण उठून सांगायचं काय? खरं सांगून झालं होतं.

व्याख्यानानंतर फराळाच्या बशा फिरल्या, तेव्हा शेजारी बसलेल्या बाई तिच्याकडे वळल्या. "तुम्ही तिकडेच असता ना हो? तुमच्या कानावर कधी असं काही आलं नाही?"

"मी शाळेत शिकवते," नलिनी म्हणाली. "पाढे घेण्यातच दिवस जातो."

बाईंना तिची कीव आली. त्यांनी आपल्या बशीतली एक कचोरी उचलून तिला दिली.