बोटीवरच्या टाकीचा श्वास

मी एक जुनी पितळी नळी आहे. माझे तोंड तुमच्या अंगठ्याएवढे आणि लांबी एका उंच माणसाइतकी. लेथवर तेलाच्या धारेखाली माझ्या टोकांना आटे पाडले गेले. माझ्याबरोबर घडलेल्या काही नळ्या जिन्यांचे कठडे झाल्या. त्यांना रोज पॉलिश मिळते. माझ्या वाट्याला मात्र एका मालवाहू बोटीच्या शौचालयाची टाकी आली. मित्रांनो, खुशाल हसा. सुरुवातीला मीही खट्टू झाले होते.

माझे एक टोक टाकीच्या छतात आहे आणि दुसरे बोटीच्या बाहेर, पाण्यापासून हातभर उंचीवर उघडते. वर शौचालयात कोणी हातपंप दाबला की टाकीत मैला येई आणि तेवढीच हवा माझ्यातून बाहेर पडे. वारा सुटला की ताजी हवा आत शिरे. एवढेच माझे काम. पण टाकीत काय चालते हे जसजसे उमगत गेले, तसतशी मी थक्क होत गेले. तिथे डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांची अफाट वस्ती होती! त्यांतले काही हवेवर जगतात आणि मैला निमूटपणे पचवून टाकतात. काहींना हवा वर्ज्य असते. हवा संपली की त्यांचे राज्य सुरू होते आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. त्या अगणित जीवांचे पारडे कोणीकडे झुकावे, हे माझ्यासारख्या अंगठ्याएवढ्या वाटेवर ठरत होते.

बोटीवर चौघांचे घर होते: बोटवाला, त्याची बायको, सहा वर्षांची लेक आणि बोटवाल्याचे वडील. वडील निवृत्त फिटर. तेजाबाच्या वाफांत आयुष्य गेल्याने त्यांचे नाक कायमचे निकामी झाले होते.

एके वर्षी बोटवाल्याने बोटीला पांढरा रंग दिला. रंग आत जाऊ नये म्हणून माझ्या तोंडात त्याने मेणकापडाचा बोळा घातला, आणि हात इतका सफाईदार की बोळ्यावरूनही कुंचला फिरवला. मी दिसेनाशी झाले. बोळा काढायचे तो विसरून गेला.

महिन्याभरात वास सुटला. हातपंप दाबला की कोंडलेली हवा उलट शौचालयाच्या भांड्यातून घरात येई. बोटवाल्याने सुगंधी औषध ओतले. त्या औषधाने टाकीतले चांगले जीवही मेले.

"परवाच तर बाटलीभर ओतलं!" तो म्हणाला.

"हो ना. आता सडक्या अंड्यांना गुलाबाचा वास येतोय," बायको म्हणाली. "अहो, शनिवारपर्यंत हे गेलं नाही, तर मी लेकीला घेऊन काठावर खोली करणार. तुम्ही आणि तुमची बोट सुखानं नांदा."

"मला तर काहीच येत नाही बुवा," वडील म्हणाले.

"बाबा, तुमचं नाक तुमच्याआधी निवृत्त झालंय!"

बोटवाल्याने मैला वाहणाऱ्या एकेका रबरी पाइपला गरम ओले फडके गुंडाळले, थोड्या वेळाने काढून हुंगले. पाइप झिरपत असता तर वास फडक्यात उतरला असता. फडकी स्वच्छ निघाली. मग वडील टाकीशी बसले आणि त्यांनी तिच्या पत्र्यावर तळहात ठेवला.

"दाब पंप," ते म्हणाले. "पुन्हा दाब. अरे, ही फुगतेय! हिला धाप लागलीय."

बाहेर येऊन त्यांनी करंगळी ओली केली आणि पांढऱ्या रंगावरून इंच इंच फिरवली. टाकीतून बाहेर पडणाऱ्या हवेची झुळूक कुठेच लागेना. एका जागी रंग करंगळीखाली किंचित दबला. चाकूने रंग खरवडून त्यांनी बोळा उपटला, आणि मी कितीतरी दिवसांनी श्वास सोडला.

तो श्वास भयंकर होता. सुनेने ट्रंक भरायला घेतली.

"पोरी, चार दिवस थांब."

"बाबा, तुम्हाला वासच येत नाही. गेला तरी कळणार कसं?"

"म्हणून तर तू हवीस इथं."

ती थांबली. औषध बंद झाले. वडिलांनी एक बारीक नळी माझ्यातून टाकीत सोडली आणि सकाळ-संध्याकाळ सायकलच्या पंपाने हवा भरली. आत बुडबुडे उठले. उरलेसुरले जीव त्या हवेवर तगले. एकाचे दोन, दोनाचे चार झाले. मी नुसती पाहत राहिले.

शनिवारी ट्रंक काठावर उतरायच्या फळीपाशी उभी होती. सून शौचालयात गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. मग तिने ट्रंक उघडली आणि लेकीचे कपडे खुंटीला लावले.

"बाबा, काहीच येत नाही हो!"

"चला," म्हातारा हसला, "म्हणजे आता आपण सगळे सारखेच."

मित्रांनो, रंग देताना माझ्यासारखीच्या तोंडात बोळा जरूर घाला. पण काम संपल्यावर तो आठवणीने काढा. आणि कुठे दुर्गंधी आली तर अत्तर शोधण्याआधी, तिथे श्वास कोंडला आहे का, ते पाहा.

आजही रोज सकाळी बाबा ओली करंगळी माझ्या तोंडाशी धरतात. पलीकडच्या काठावरून वारा येतो, मी तो आत नेते, आणि खाली अंधारात ती अफाट वस्ती कामाला लागते.