मानेवरची रेघ

न्हाव्याला स्वतःचे केस धड कापता येत नाहीत, म्हणून ते दोघे एकमेकांचे कापत. सुट्टीच्या दिवशी, शटर अर्धं ओढून. आधी मेहुणा हिचे, मग ही मेहुण्याचे.

ही म्हणजे छप्पन वर्षांची बाई. पण हे फक्त तिलाच माहीत होतं. बाकी जगाला ती दादा. दुकानाचा थोरला भागीदार, मेहुण्याच्या बायकोचा भाऊ.

तर सुट्टीचा दिवस. मेहुण्याने तिच्या गळ्याभोवती कापड बांधलं, कात्री उचलली.

"कापू नकोस. वाढू दे."

"का हो दादा, या वयात हिरो व्हायचंय?"

"बाई आहे मी. लहानपणापासून. आता लपवायचा कंटाळा आला."

सांगताना छाती धडधडेल असं तिला वाटलं होतं. कुठलं काय! दाढीचा भाव सांगावा तसं तिने आरशात बघून पुन्हा एकदा सांगितलं.

मेहुण्याने कापड सोडलं. झटकलं. त्यावर एकही केस नव्हता.

"माझे आज राहू द्या," म्हणाला, आणि घरी गेला.

इथे रडारड हवी.

नाही झाली. ती जेवली. झोपली.

दुसऱ्या दिवशी मेहुणा आला तो केस कापूनच, मागच्या गल्लीतल्या दुसऱ्या दुकानातून. मानेवरची रेघ डावीकडे चढलेली, कानामागे खड्डा.

तिच्या खुर्चीत निवृत्त मास्तर. एक गाल झालेला, दुसऱ्यावर फेस.

"अरे, हे कुणी कुरतडलं?" मास्तर खिदळले.

"दादांनीच," मेहुणा म्हणाला. तिच्याकडे न बघता.

"दादा, चष्मा बदला! नाहीतर उद्या माझा कान घरी न्यावा लागेल पुडीत!"

राग आला का तिला? नाही. मान दिसत होती, बस्स. इतकी वर्षं ती मान तिच्याच हाताखाली होती, आणि अशी रेघ तिच्या हातून कधी गेली नव्हती.

"ते माझं काम नाही," ती म्हणाली. "मी बाई आहे, असं काल याला सांगितलं. तेव्हापासून याच्याने माझ्या खुर्चीत बसवत नाही. दुसरीकडे जाऊन कापून आला."

मास्तरांचं हसू फेसातच राहिलं. अर्धी दाढी घेऊन माणूस जाणार तरी कुठे? त्यांनी दाराकडे पाहिलं. मग आरशात, तिच्याकडे.

"फेस वाळतोय," ते म्हणाले.

तिने गाल ताणला, वस्तरा टेकवला. मेहुणा स्वच्छ फरशीवर झाडू मारत राहिला.