आहारजल शुद्ध आहे

चमचा वाटीतून वर आला तेव्हा मैनाबाईला तो केस दिसला. मुगाच्या वरणातला, चमच्याच्या कडेला चिकटलेला, चांगला वीतभर लांब आणि पांढरा. त्या वाटीतले आधीचे तीन चमचे महाराजांच्या ओंजळीत गेले होते आणि ओंजळीतून पोटातही.

तिचा हात जागीच थांबला. समोर महाराज ओंजळ पुढे धरून उभे होते. दिगंबर मुनींचं जेवण ते. दिवसातून एकदाच, उभ्याने, ओंजळीत मावेल तेवढं अन्न आणि तेवढंच पाणी. अन्नात केस निघाला की अंतराय. ओंजळ सुटायची, महाराज खाली बसायचे आणि मग दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. बाहेर अकोल्याचा मे महिना होता. दहा वाजले नव्हते आणि अंगणातल्या फरशीवर पाय ठेवता येत नव्हता.

परवा एका घरी पाण्यात मेलेली मुंगी निघाली, पहिल्याच ओंजळीला. काल विधी जुळला नाही. मंदिरातून निघताना महाराज मनात एक खूण धरत. ती ज्या दारात दिसेल तिथेच थांबायचं, नाही दिसली तर उपाशी परतायचं, आणि खूण कोणाला सांगायची नाही. त्या खुणेच्या नादात काल अख्ख्या गल्लीची तारांबळ उडाली होती. कोणी नारळ धरला, कोणी कलश, कोणी लिंबू, एकाने तर दोन हातांत दोन आंबे. एका जोडप्याने ऐनवेळी डावी-उजवी बाजू बदलून पाहिली. महाराज मान खाली घालून आले तसे गेले. आज तिसरा दिवस. त्यांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या आणि ओठांना चिरा पडल्या होत्या.

"काय झालं वं?" शेजारी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या असलेल्या सासूने, माणिकबाईने विचारलं.

"वरन गरम आहे, आत्याबाई."

केस तिने बोटांनी ओढून मुठीत घेतला, वरणाची वाटी मागे सारली आणि दुधीच्या भाजीची पुढे घेतली. दोन अडीच क्षणांचं काम. महाराजांची नजर ओंजळीवर होती, ती तिथेच राहिली.

त्या दिवशी महाराज पोटभर जेवले. पाणी तर इतक्या ओंजळी घेतलं की माणिकबाईचा तांब्या तीनदा भरावा लागला. एक्क्याऐंशी वर्षांची बाई, हात लटलट कापत होते, पण तांब्या कोणाला देईना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

निघताना मैनाबाईच्या नवऱ्याने, धन्यकुमारने हात जोडून विचारलंच, "महाराज, आज विधी काय होता?"

"रिकाम्या हातांची वृद्धा," महाराज म्हणाले आणि कमंडलू उचलून चालू लागले.

झालं! माणिकबाईच्या थरथरत्या हातांत नारळ टिकत नाही म्हणून सकाळी धन्यकुमारनेच तिच्या हातातून तो काढून घेतला होता. गल्लीभर बातमी पसरायला पाच मिनिटं लागली नाहीत. बावीस वर्षांत या दारात मुनी थांबले नव्हते. दर चातुर्मासाला चौका मांडायचा, म्हणजे मुनींसाठी सोवळ्याने वेगळा स्वयंपाक करायचा, विहारात मुनी गावावरून गेले की दारात उभं राहायचं आणि दर वेळी महाराज शेजाऱ्याकडे. आणि आता थांबले ते म्हातारीला पाहून. बाया पाया पडायला येऊ लागल्या.

"भाग्य काढलं वो तुमी, माणिकबाई!"

"माहं कायचं भाग्य," माणिकबाई म्हणायची आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायची.

मैनाबाई आत भांडी घासत होती. महाराज गावात आल्याला नऊ दिवस झाले, तेव्हापासून ती पहाटे चारला उठत होती. मंदिराच्या विहिरीचं पाणी आणायचं, गाळायचं, उकळायचं. जात्यावर पीठ काढायचं. धुतलेल्या वेगळ्या लुगड्यात, कोणाला शिवू न देता स्वयंपाक करायचा. डोक्याला घट्ट फडकं बांधायचं, कारण केस. तिचे स्वतःचे केस मेंदीने तांबूस झालेले होते. घरात पांढरं डोकं एकच. सकाळी वरणात डाव फिरवण्याचा हट्ट त्याच डोक्याने धरला होता आणि डाव फिरवताना फडकं मानेवर घसरलं होतं. मैनाबाईने ते पाहिलं होतं. पण कढईत भाजी लागत होती, दुधाला उकळी येत होती, आणि माणसाला हात दोनच असतात.

"जेव ना आता," धन्यकुमार म्हणाला.

ती ताटावर बसली. पहिला घास मोडला आणि तसाच ताटात ठेवला. महाराजांना आत घेताना तिनेच सगळ्यांच्या आधी, मोठ्याने म्हटलं होतं, मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारजल शुद्ध आहे. तेव्हा ते खरं होतं, निदान तिला तसं वाटत होतं. मग चमचा वर आला आणि ती गप्प बसली. त्या माणसाने तीस वर्षं एकेक घास पारखून घेतला आणि तिने मुठीतल्या मुठीत त्यांचं व्रत मोडलं. सांगावं तर उद्या ते प्रायश्चित्त म्हणून उपाशी राहणार, नक्की राहणार. न सांगावं तर त्यांना कळणारही नाही. इकडे आड तिकडे विहीर. शिवाय सांगितलं की केस कोणाचा हा प्रश्न आलाच. बाहेर ओसरीवर म्हातारी चौथ्यांदा सांगत होती की महाराजांनी कसं थेट तिच्या हातांकडे पाहिलं.

ताट तसंच झाकून ती उठली.

चार वाजता ती मंदिरात जायला निघाली तर माणिकबाई नवं पातळ नेसून दारात तयार.

"तुमी कायले येता एवढ्या उनात?"

"दर्शनाले. काहून, मी येऊ नाही?"

ऑटोत म्हातारी गप्प होती. दुपारभर बोलून दमली असेल, असं मैनाबाईला वाटलं.

धर्मशाळेच्या वरच्या हॉलमध्ये महाराज लाकडी पाटावर बसले होते. महाराजांच्या संघातल्या एक ताई आणि गल्लीतल्या तीन बाया समोर होत्या. त्या सरकल्या, माणिकबाईला पुढे जागा करून दिली. मैनाबाई तिच्या मागे, अंतर ठेवून गुडघ्यावर बसली. गुडघ्यात कळ आली.

"नमोस्तु महाराज. सकाळी वरनात केस होता. मी पायला आन् बोलली नाही."

"माय वो!" एक बाई म्हणाली.

महाराजांनी पोथी मिटली. "ओंजळीत आला होता?"

"चमच्याले होता. पन त्याच वाटीतलं तुमच्या हातावर गेलं होतं."

"चौक्यात कोण कोण होतं?"

"माहाच केस होता," मैनाबाई घाईने म्हणाली.

पुढे बसलेल्या माणिकबाईची पाठ हलली नाही.

"तेव्हाच का बोलला नाहीत?"

"दोन दिवस तुमच्या पोटात पानी नोतं, महाराज. मले सांगवलंच नाही. कटाळलीही होती मी. खोटं काहाले बोलू? वाटलं, आता हे उठले तं उद्या पुन्हा चार वाजता पीठ दळा लागन."

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. असं कोणी बोलतं का मुनींपुढे! महाराज मात्र रागावले नाहीत.

"हे शरीर आज ना उद्या जायचंच आहे," ते म्हणाले. "त्याच्यासाठी कोणी आपलं सत्य सोडू नये. उद्या माझा उपवास." ताईंनी मान हलवली. मग ते म्हणाले, "तुम्ही जेवलात का?"

"नाही."

"घरी जाऊन आधी जेवा. तुमचं प्रायश्चित्त असं, की आठ दिवस चौका लावायचा नाही. सूर्य उगवण्याआधी उठायचं नाही."

बायांनी ही शिक्षा म्हणून ऐकली. मैनाबाईचे खांदे मात्र ऐकल्या ऐकल्या सैल पडले, आणि तिला त्याची लाज वाटली.

"आणखी काही सांगायचं राहिलं आहे?"

"नाही, महाराज."

दोघी खाली निघाल्या. वीस पायऱ्या होत्या, माणिकबाईला धरून उतरवावं लागलं. आता घरी गेल्यावर तोंडाचा पट्टा सुटणार, हे मैनाबाईला ठाऊक होतं. लोकांपुढे चौक्याची अब्रू घालवली, बावीस वर्षांनी आलेलं सुख एक दिवसही ठेवलं नाही. बोलू देत. ऐकण्याइतकं तरी बळ राहिलं होतं.

ऑटोवाल्याने गाडी सुरू केली. माणिकबाईने एक पाय आत टाकला आणि तिथेच थांबली.

"मैना, तो पांढरा होता."

"डाव फिरवतानाच पायला मी त्याले," म्हातारी म्हणाली. "काढाले गेली तं वरनात बुडाला. तितक्यात तू हाक मारली, महाराज गल्लीत आले म्हनून. मनलं सांगाव तं वरन सांडा लागते, पुन्हा आंघोळ, पुन्हा लुगडं. तितक्यात ते पुढं निघून जातीन. बावीस वर्सं वं, मैना."

"चाला घरी, आत्याबाई. झालं ते झालं. मी सांगतलं ना."

"तू तुहं सांगतलं."

माणिकबाईने पाय बाहेर काढला. वर पाहिलं. हॉलच्या खिडकीत त्याच तीन बाया उभ्या होत्या, इकडेच पाहत होत्या.

"त्या हायेत वर अजून," मैनाबाई म्हणाली. "उद्या या. एकांतात सांगा."

"दारात तं मी सगळ्यायसमोर उभी होती."

पातळाचा पदर खोचून तिने जिन्याचा कठडा धरला. मैनाबाई हात द्यायला पुढे झाली, तो तिने घेतला नाही. एका पायरीवर दोन्ही पाय टेकवायचे, श्वास घ्यायचा, मग पुढची. चौथ्या पायरीवर तिने कपाळाचा घाम पुसला आणि पुन्हा चढू लागली.

"बाई, किती वेळ लागन?" ऑटोवाल्याने वैतागून विचारलं.

"लागू द्या," मैनाबाई म्हणाली.