कड चोपणारी विमलामावशी

अंधेरीतल्या एका बंद कारखान्याच्या आवारात काँक्रीटला मुद्दाम खड्डा पाडला होता. युद्धात बॉम्बने धावपट्टी फुटली तर काही तासांत ती बुजवून विमान उतरवता यावं, म्हणून ही चाचणी. खड्डा खडीने भरायचा, खडी मशीनने चोपून घट्ट करायची, वर फायबरची चटई बोल्टांनी आवळायची आणि विमानाच्या वजनाचं चाक फिरवायचं. चटई दोनदा कडेला खचली होती. आज शेवटची संधी. फसली की इंजिनिअर रुचिराची तीन वर्षांची मेहनत कचऱ्यात.

चाचणी बघायला आलेले दिल्लीचे साहेब खुर्चीत बसून चटईलाच नावं ठेवत होते. खडी ओढणाऱ्या विमलामावशीला खोट दिसत होती, पण मजुराला विचारतो कोण! शेवटी तिला राहवेना. ती रुचिराला म्हणाली,

"गो बाय, चटयेचो काय दोष? मशीन मधीच नाचता. कडेक कोण चोपतलो, तुजो साहेब?"

"मावशी, कडेपर्यंत मशीन पोचतच नाही."

"मगे हात खंय गेले? खळा कसा करतत ता कधी बघलंस नाय?"

मावशीने फळी उचलली, पाणी शिंपडलं आणि गावी खळं चोपतात तशी कड चोपायला घेतली. रुचिराही दुसरी फळी घेऊन शेजारी बसली.

साहेब हसले, "मॅडम अंगण करतायत वाटतं!"

"तुमी पण येवा," मावशी म्हणाली, "नायतर बसान बसान खुर्ची खचतली."

मग चटई आवळली. चाक शंभर वेळा फिरलं आणि कड केसभरही खचली नाही. साहेब गुपचूप उठून उभे राहिले.

रुचिराने अहवाल उघडला. "मावशी, पूर्ण नाव सांग. पद्धत तुझ्या नावाने लिहिते."

"विमला गुणाजी परब," मावशी साहेबांकडे बघत मोठ्याने म्हणाली.