पंपाचा थेंब

बसऱ्याहून परतलेल्या आकारामचं सांगलीत नाव झालं होतं, आणि कृष्णेतल्या एका लाँचनं महिन्याभरात ते बुडवायचा चंग बांधला होता. लढाईत चार वर्षं बोटींची इंजिनं दुरुस्त केलेला गडी, पण जिनपालशेठच्या गुळाच्या लाँचचा एवढासा पाण्याचा पंप त्याला आवरेना. तीनदा गळती काढली, तीनदा पंप पुन्हा गळला. चौथ्यांदा बोलावताना शेठनं निरोपच धाडला: "आज शेवटचं. परत गळला तर इंजिन भंगारात, ड्रायव्हर नाथाजी परत त्याच्या दुष्काळी आटपाडीला आणि तू तुझ्या घरी."

आकाराम तणतणत लाँचवर चढला. हे इंजिन नदीचंच पाणी ओढून थंड राहायचं. पाणी ओढणारा पंप एका दांड्यावर फिरे, आणि दांड्याच्या कडेनं पाणी सुटू नये म्हणून भोवती ग्रीस चोपडलेल्या सुताची वेणी नटानं दाबून बसवलेली असे. मागच्या खेपेला त्यानं नट आणि पंप मिळून छिन्नीची एक रेघ मारून ठेवली होती. आता त्या रेघेचे दोन तुकडे झाले होते आणि नटावरचा तुकडा चांगला अर्धा वेढा पुढं गेला होता. नटाला काही पाय नसतात. त्यानं नट काढून पाहिलं, तर आतली वेणी जळून कोळसा आणि दांड्यावर चरे.

"तात्या, हा नट कुणी आवळला?"

पन्नाशीचा नाथाजी हात पुसत पुढं आला. "मीच की. रोज सांजच्याला आवळतोय. थेंब गळत हुता न्हवं," तो म्हणाला, आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिला.

म्हणजे महिनाभर चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती! आकारामचं डोकंच फिरलं.

"आवं, त्यो गळायलाच पायजे! मिंटाला पाच-सात थेंब. त्याच्यावरच दांडा गार ऱ्हातोय. कोरडा केला की वेणी जळती आन मग धार लागती!"

"पाणी मुद्दाम गळू द्यायचं?" नाथाजीला ते खरंच वाटेना.

"चहूकडनं किस्ना वाहतीया, आन तुमी थेंबाचं काय घिऊन बसलाय?"

नाथाजी गुळाच्या ढेपेवर टेकला.

"आमच्या आटपाडीच्या हिरीत तळाला बारकासा झरा. करवंटीनं हंडा भराय लागायचा. मनुबाई, माझी मंडळी, तांबडं फुटायच्या आत खाली उतरायची. एकदा भरला हंडा घिऊन वर येताना पाय निसाटला. लोक म्हनले, हंडा सोडला आसता तर पायरी धरता आली आसती. न्हाई सोडला तिनं. हंड्यासकट गेली. थेंबाचा आवाज आला की मला बसवत न्हाई, गड्या."

आकारामचा राग कुठल्या कुठं गेला. त्याला स्वतःचीच लाज वाटली. पलटणीत हे पहिल्या दिवशी शिकवत, म्हणून त्यानं ते सगळ्या जगाला ठाऊक असल्यासारखं धरलं होतं. तीनदा इथं आला, तीनदा ऐटीत "झालं काम" म्हणून निघून गेला. चालवणाऱ्याला एक वाक्य सांगायचं, तेवढंही त्याला सुचलं नव्हतं.

त्यानं दांडा घासून गुळगुळीत केला, नवी वेणी भरली, इंजिन चालू केलं. नट मुद्दाम घट्ट आवळून त्यानं नाथाजीचा हात त्यावर ठेवला. थोड्याच वेळात नाथाजीनं चटका बसून हात मागं घेतला. मग आकारामनं नट किंचित सैल केला. थेंब पडू लागले, आणि हळूहळू लोखंड निवलं.

"बघा. हे वाया जात न्हाई, तात्या. ह्याला तान लागतीया."

नाथाजीनं पुन्हा हात ठेवला आणि तसाच ठेवून उभा राहिला.

एवढ्यात जिनपालशेठ घाटाच्या पायऱ्या उतरून आले. वाकून बघतात तर पंपातून थेंब!

"अजून गळतोयच की! चूक कुणाची ते आधी सांगा."

"माझी," आकाराम म्हणाला. "ह्यो थेंब पडायलाच पायजे, शेठ, न्हाईतर वेणी जळती. नट किती ठेवायचा ते मी तात्यांना सांगितलंच न्हाई." बसऱ्याचं नाव कृष्णेत गेलं तरी चालेल, असं त्यानं ठरवूनच टाकलं होतं.

"न्हाई, शेठ," नाथाजी मधेच म्हणाला. "त्येनं नीट केल्यालं मी बिघडवलं. पाना मी फिरवला. रोज. कामावनं काढायचं तर मला काढा, पोराचं नाव घिऊ नका."

शेठ दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिले. "महिनाभर एकानंबी कबूल केलं न्हाई, आन आता दोघं भांडताय व्हय?" मग नाथाजीला म्हणाले, "सकाळची खेप तूच न्यायचीस. आन थेंब पडू दे."

मनुबाईचं सांगताना कोरडे राहिलेले नाथाजीचे डोळे आता भरून वाहू लागले. आकारामनं चिंधी पुढं केली, पण नाथाजीनं ती घेतली नाही; थेंब पडू दिले.